तुमच्या फोनवर उपलब्ध नाही

डॉ. पायल मोहितेला कामात कधी किळस आली नव्हती. म्हशीच्या शिंगाच्या बुडातल्या अळ्या चिमट्यानं काढताना ती मालकाशी ऊसतोडीच्या गप्पा मारायची. व्यायल्यावर आत अडकून सडलेला जार हातानं सोडवायची, खांद्यापर्यंत हात धुवायची आणि त्याच गोठ्याच्या दारात बसून चहा प्यायची. घरातल्या बायका तोंडाला पदर लावून लांब उभ्या राहायच्या. पायल हसायची. "आवं, हे साबणानं जातंय," म्हणायची.

ती राहायला सांगलीत, विश्रामबागला. नवरा लष्करात, जैसलमेरकडं. कुंडल, पलूस आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची जनावरं ती बघायची. घराच्या छपरावर सौर पॅनेल होते, रोजची धावपळ ठरलेली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं विजेवरची गाडी घेतली. गोठ्यासमोर येऊन थांबली तरी आवाज नाही, कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. गावात तिला नावच पडलं, डॉक्टरबाईंची मुकी गाडी.

तिचा फोनही चारचौघांसारखा नव्हता. आधीचे काचेचे तीन फोन कामात गेले होते. एक शेणाच्या खड्ड्यात, एक बैलाच्या खुराखाली. तिसरा तर धडधाकट होता, पण एक हात गाईच्या पोटात आणि दुसरा ओला असला की कितीही बोट फिरवा, फोन उचलायचाच नाही. मग तिनं जाड रबरी कवचाचा, बटणांचा फोन घेतला. त्याची आतली यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, वेगळी होती, बाजारात चालणाऱ्या दोन मोठ्या यंत्रणांपैकी कुठलीच नव्हे. असला फोन वापरणारी माणसं थोडी. पण बादलीत बुडवून धुतला तरी तो वाजायचा, आणि रक्ताळलेल्या अंगठ्यानंही बटण दाबलं जायचं. तिला एवढंच हवं होतं.

गाडी घेण्याआधी तिनं शोरूममध्ये हा फोन टेबलावर ठेवून विचारलं होतं, "यावर तुमचं अ‍ॅप चालेल का? नसेल तर आत्ताच सांगा." विक्रेत्या पोरानं तिथल्या तिथं अ‍ॅप टाकून दाखवलं. गाडीचं दार उघडलं, बंद केलं, बॅटरी किती उरली ते दाखवलं. "सगळ्या फोनवर चालतंय मॅडम," म्हणाला. आणि वर्षभर खरंच चाललं. घरी चार्जिंगला अ‍ॅप लागायचंच नाही. लांब कुठं निघालं तर हायवेवर कंपनीची चार्जिंग स्टेशनं होती, तिथं मात्र यंत्र अ‍ॅपशिवाय सुरू व्हायचं नाही.

त्या दिवशी ती साताऱ्याला जनावरांच्या डॉक्टरांच्या शिबिराला गेली होती. परत येताना नेहमीसारखं कराडच्या अलीकडं चार्जिंग करायचं असं ठरवून निघाली. उंब्रज मागं पडलं आणि कुंडलच्या तानाजीचा फोन आला.

"डॉक्टरबाई, कुठं हाय तुमी? म्हस व्यायला झालीया, पर रेडकू वाटंला लागंना. लय तळमळतिया."

"पाणमोट फुटली का?"

"न्हाई. नुसती उठतिया, बसतिया. शेपूट वर धरून कण्हतिया."

पायलच्या लक्षात आलं. गर्भाशयाला पीळ पडला असणार. म्हशींत हे नेहमीचंच. वेळेत पोहोचलं तर म्हशीला फळीखाली दाबून लोळवून पीळ सोडवता येतो, रेडकूही वाचतं. उशीर झाला तर आतलं रक्त तुंबतं आणि मग काही राहत नाही.

"पलूसच्या डॉक्टरांना बोलवा, मी पोचेपर्यंत."

"त्यांचा फोन बंद हाय. त्ये बी तुमच्याच शिबिराला गेल्यात म्हनं."

खरंच होतं. जेवणाच्या पंगतीत ते तिच्या शेजारीच बसले होते आणि नंतर साताऱ्यातच बहिणीकडं गेले होते.

"येते," ती म्हणाली. "पाणी पाजत राहा, बसू देऊ नका. अर्ध्या तासाचं चार्जिंग करते आणि येते."

चार्जिंग स्टेशन म्हणजे पत्र्याची शेड, दोन उभी यंत्रं आणि कंपनीची मोठी पाटी. माणूस कुणी नाही. शेजारी एक हॉटेल. तिनं यंत्राची जाड नळी, जिला सगळे गन म्हणतात, ती ओढून गाडीत खुपसली. गाडीनं ती खट्कन धरून ठेवली. मग तिनं फोनवर अ‍ॅप उघडलं.

पांढऱ्या पडद्यावर एक हसरा चेहरा आला आणि त्याखाली ओळ आली. 'आम्ही आणखी चांगले झालो आहोत! हे अ‍ॅप यापुढे तुमच्या फोनवर उपलब्ध नाही.' खाली एकच बटण होतं, 'छान!' ते दाबलं की अ‍ॅप बंद व्हायचं.

तिनं दोनदा दाबलं. मग गन ओढून बघितली. ती निघेना. गाडीनं धरलेली गन सोडवायलाही अ‍ॅपच लागत होतं. बॅटरी इतकी उतरलेली की कुंडल तर लांबच, कराड ओलांडणंही कठीण होतं. आणि आता तेवढंही जाता येईना, गाडी यंत्राला बांधली गेली होती.

तिनं कस्टमर केअरला फोन लावला. आधी बासरी वाजली. मग एका पुरुषी आवाजानं सांगितलं की आपण पृथ्वी वाचवत आहात, आपले आभार. पुन्हा बासरी. शेवटी एक मुलगी बोलली, मधाळ, एकाच पट्टीत.

"नमस्कार, मी प्रांजल. आजचा आपला दिवस कसा आहे?"

"दिवस राहू द्या. माझी गाडी तुमच्या यंत्राला अडकलीय. माझ्या फोनवर अ‍ॅप चालत नाही. तिथून गन सोडा किंवा चार्जिंग सुरू करा."

"आपली गैरसोय मी समजू शकते, मॅडम. आपण अ‍ॅप अपडेट करून पाहिलं का?"

"अपडेटच नाही म्हणतंय ते. माझ्या फोनसाठी बंद केलंय तुम्ही."

"बरोबर, मॅडम. चांगल्या अनुभवासाठी आम्ही कमी वापरातले फोन वगळले आहेत. आपण फोन बदलून पाहिला का?"

पायलनं क्षणभर फोनकडंच बघितलं. "मी हायवेवर उभी आहे. इथं फोनचं दुकान नाही. एक जनावर मरायला टेकलंय, मला तिकडं जायचंय."

"आपल्या पाळीव प्राण्याबद्दल वाईट वाटलं, मॅडम. मी आपली तक्रार नोंदवते. आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क करेल. आणखी काही मदत करू का?"

हॉटेलवाला बाहेर येऊन ऐकत होता. त्यानं आपला फोन पुढं केला. त्यावर अ‍ॅप उतरवलं, तिचं नाव, नंबर टाकला, ओटीपी तिच्या फोनवर आला, तो घातला. पुन्हा तोच हसरा चेहरा. 'तुमच्या सुरक्षेसाठी नवा फोन उद्यापासून चालू होईल.'

हॉटेलवाल्यानं तोंडातला तंबाखूचा चोथा बाजूला थुंकला. "चोरापास्नं सुद्धा एवढी खबरदारी कुनी घेत न्हाई," म्हणाला.

तेवढ्यात तानाजीचा पुन्हा फोन आला. म्हैस बसली होती, उठत नव्हती.

पायलनं डिकीतून पेटी काढली, गमबूट हातात घेतले आणि गाडी तशीच सोडून हायवेला हात करत उभी राहिली. द्राक्षाच्या मोकळ्या क्रेट घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. तो ताकारीपर्यंतच जाणार होता. तिथून तानाजीचा चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन आला. ती गोठ्यात शिरली तेव्हा दिवस बुडत होता आणि म्हशीनं मान टाकली होती. डोळे उघडे होते, श्वास होता. पायलनं हात घालून बघितलं. पीळ पूर्ण होता, आतलं सगळं थंड आणि काळं पडलेलं. तरीही तिनं चार माणसांना हाताशी धरून तिला लोळवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या पलटीला म्हशीनं पाय ताणले आणि ती गेली. रेडकू आधीच गेलं होतं.

तानाजी खाली बसला. त्याची आई साळूबाई दारात उभी होती. तिनं पायलकडं बघितलं आणि सरळ विचारलं, "गाडी असून तुमी उशीर का केला वो, बाई?"

पायलनं सांगितलं. फोन, अ‍ॅप, गन, सगळं. सांगताना तिलाच ते खुळचट वाटायला लागलं.

"म्हंजी तुमच्या फोनापायी आमची म्हस गेली व्हय," साळूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं. हात धुवायला पायल हौदाकडं गेली, तेव्हा खिशातला फोन वाजला. कंपनीचा संदेश होता. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

तिला किळस आली. त्या पूर्ण दिवसात, सडलेल्या गर्भाशयात हात घालतानासुद्धा जी आली नव्हती ती तेव्हा आली. फोन खिशात टाकून ती साबणानं हात पुन्हा पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन गाडी सोडवून, चार्ज करून देऊन गेला. पायलनं कंपनीला लांबलचक ईमेल लिहिली. उत्तरात पुन्हा गैरसोय समजून घेतली गेली. बहुधा ते तिथंच संपलं असतं. पण कुंडलच्या एका पोरानं ही हकिकत सांगलीच्या एका बातम्यांच्या चॅनेलला पाठवली. 'अ‍ॅपनं घेतला म्हशीचा बळी' अशी बातमी फिरली, लोक हसले, शिव्या दिल्या, आणि मग कंपनीला जाग आली.

विश्वजीत नावाचा अधिकारी पुण्याहून आला तो थेट तानाजीच्या गोठ्यावर. पायलला त्यानं तिथंच बोलावून घेतलं. चाळिशीच्या आतला, पांढरे बूट, दाढी कोरून काढलेली. बरोबर कॅमेरावाला. शेण चुकवत, बोटांवर चालत तो आत आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅम, मनापासून सॉरी. तुमची स्टोरी ऐकून आमची सगळी टीम रडली."

"अ‍ॅप चालू झालं का?" पायलनं विचारलं.

"त्यावर काम चालू आहे. पण आज आपण पॉझिटिव्ह बोलू या." त्यानं एक खोका पुढं केला. आत नवा कोरा काचेचा फोन. "हा तुमच्यासाठी. आमच्याकडून."

"माझ्या हाताकडं बघा," पायल म्हणाली. ती नुकतीच एका गाईची तपासणी करून आली होती. कोपरापासून नखांपर्यंत हिरवट ओल होती. "या हातानं चालतो का तो?"

विश्वजीत मागं सरला. मग सावरून हसला. "ठीक आहे, फोन राहू दे. तानाजीरावांना आम्ही म्हैस देणार आहोत. मुऱ्हा, गाभण, उत्तम जातीची. फक्त एक छोटा व्हिडिओ करायचाय. तुम्ही दोन वाक्यं बोलायची."

त्यानं मोबाइलवर ती वाक्यं दाखवली. 'माझ्या वेगळ्या फोनची अडचण कंपनीनं लगेच सोडवली. आता फोन कुठलाही असो, गाडी माझ्या हातात.'

"हे खोटं आहे."

"आज खोटं आहे, मॅम. उद्या खरं होणार आहे."

"मग उद्या या."

विश्वजीतनं तिच्याशी वाद घातला नाही. तो तानाजीकडं वळला, मऊ आवाजात म्हणाला, "आम्हाला द्यायचीच आहे हो म्हैस. पण डॉक्टर मॅम तयार नसतील तर मला वरून मंजुरी मिळणार नाही."

पायलला त्या क्षणी त्याच्या पांढऱ्या बुटांवर शेणाची बादली ओतावीशी वाटली. पण तानाजी तिच्याकडं बघत होता. घरातली दुभती एकच होती, ती गेली. ती व्याली की डेअरीला पुन्हा दूध जाणार होतं, ते राहिलं. तो काही मागत नव्हता, नुसता बघत होता.

साळूबाई म्हणाली, "बोला की वो बाई. त्यात काय हाय? इलेक्शनात लोक ह्यापरीस मोठं बोलत्यात."

"आई, गप," तानाजी म्हणाला. मग खाली बघत, "पर डॉक्टरबाई, जमत असलं तर... माजी काय जबरदस्ती न्हाई."

पायलनं हात धुतले आणि ती वाक्यं बोलली. पहिल्या वेळी विश्वजीत म्हणाला, थोडं हसून. दुसऱ्या वेळी म्हशीच्या गव्हाणीशेजारी उभं राहून. तिसऱ्या वेळी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून. शेवटी त्यानं एका कागदावर सही घेतली, व्हिडिओ वापरायची परवानगी आणि कंपनीविरुद्ध न बोलण्याची हमी. घरी आल्यावर पायलनं दोनदा चूळ भरली. तोंडाला काहीतरी बुळबुळीत लागल्यासारखं वाटत होतं आणि ते जाईना.

म्हैस मात्र आली. पाठीवर कंपनीच्या नावाची झूल, गळ्यात झेंडूचा हार. गाव बघायला जमलं. झूल काढून साळूबाईनं ती पोत्यांवर पसरली, मिरच्या वाळवायला.

अ‍ॅप काही चालू झालं नाही. पायल विश्वजीतला फोन करायची, तो 'टीम काम करतेय' म्हणायचा, नंतर त्यानं फोन घेणंच सोडलं. नुसत्या त्यासाठी दुसरा फोन बाळगायचा नाही असं ठरवून ती गाडी घरच्या चार्जिंगवर जमेल तेवढीच फिरवायला लागली. साताऱ्याला जायचं झालं तर एसटीनं जायची.

पावसाळ्यात एका दुपारी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं जोराचा पाऊस ऐकू येत होता.

"डॉक्टर मॅडम बोलताय का? मी बुद्धभूषण. महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. तुमचा नंबर कुंडलच्या दूध डेअरीतनं मिळवला. त्रास देतोय, पण एक विचारायचं होतं."

"बोला."

"तुमचा फोन आणि माझा फोन सारखाच आहे. आमच्याकडं पाऊस असला की काचेचा फोन काही कामाचा नाही, बोट लागत नाही, म्हणून मी बटणांचा घेतलेला. गाडी विजेवरची घ्यायची होती, पण अ‍ॅपची धास्ती होती. मग तुमचा व्हिडिओ बघितला. म्हटलं, ह्या बाई जनावरांच्या डॉक्टर, खोटं कशाला बोलतील. जुनी जीप विकून गाडी घेतली. आता पाचवडजवळ चार्जिंगला उभा आहे. पाहुणे होते गाडीत, ते दुसरी टॅक्सी करून गेले. तेवढं सांगा, तुमच्या फोनवर ते चालू कसं केलंत?"

पायल एका गोठ्याच्या पडवीत उभी होती. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चालू झालंच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्यासुद्धा फोनवर चालत नाही. कधीच चालू झालं नाही."

"मग व्हिडिओत तुम्ही बोललात ते?"

"खोटं बोलले."

तिला वाटलं, आता हा माणूस शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं. पण बुद्धभूषण फक्त "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

रविवारी ती एसटीनं महाबळेश्वरला गेली. धुकं एवढं की स्टँडवर समोरची गाडी दिसत नव्हती. टॅक्सीवाल्यांना विचारत विचारत तिनं त्याला शोधलं. तिशीचा, उंच, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. तिला ओळखल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते तिला नीट दिसलं. आपण चपलेला लागलेली घाण बघतो, तसं तो बघत होता.

"कशाला आलात?"

"तुम्ही ग्राहक आयोगात तक्रार करा. मी साक्ष देते. व्हिडिओ खोटा होता हे मी सांगते."

"तुमच्यावर येईल ते."

"येऊ दे."

"आणि तुम्हाला त्यात काय मिळालं होतं, विचारलं तर?"

"म्हैस," पायल म्हणाली. "माझ्यासाठी नव्हे. पण मिळाली."

बुद्धभूषणनं टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. चहा पिताना तो एकदाच बोलला. "मी पाहुण्यांना सांगायचो, बघा, एका बाईनं सांगितलं म्हणून घेतली गाडी." त्यानंतर ते दोघं तक्रारीचंच बोलले.

तक्रार साताऱ्याला दाखल झाली. पायलचं नाव साक्षीदारांत आहे हे कळताच कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. सही केलेल्या हमीचा भंग होत असल्यानं दिलेली म्हैस परत घेण्यात येईल, असं तिच्यात लिहिलं होतं. ती नोटीस घेऊन पायल कुंडलला गेली. तानाजीनं ऐकून घेतलं.

"कोन येनार हाय न्यायला? त्यो पांढऱ्या बुटाचा?"

"कुणीही येईल. मी साक्ष दिली तर."

"द्या की साक्ष. म्हस माज्या दावणीला हाय. ती व्याली तवा मी व्हतो, तुमी व्हता, कंपनीचं कुनी नव्हतं. आता रेडकू सोडून न्यायची का घिऊन न्यायची, त्ये बी नोटिशीत लिवून आना म्हनावं."

साळूबाई चुलीपुढून ओरडली, "आन् येताना वैरण बी आना म्हनावं!"

पायलला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं. नोटिशीनुसार न्यायला पुढं कुणी आलंही नाही.

सुनावणीला विश्वजीत आला होता. त्यानं पायलला ओळख दाखवली, मान झुकवून हसलाही. कंपनीच्या वकिलानं तो व्हिडिओ सगळ्यांसमोर लावला. पायलला स्वतःचाच आवाज त्या खोलीत ऐकू आला. 'फोन कुठलाही असो, गाडी माझ्या हातात.' ती बॉनेटवर हात ठेवून गोड हसत होती.

"या तुम्हीच ना?" वकिलानं विचारलं.

"हो."

"तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा."

"कशासाठी?"

"म्हशीसाठी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वकीलही हसला आणि त्यानं तो शब्द पुन्हा उच्चारला, "म्हशीसाठी!" पायलचं तोंड भाजल्यासारखं झालं. तिनं सगळं सांगितलं. यंत्राला अडकलेली गाडी, सोडवलेली म्हणून बंद केलेली तक्रार, विश्वजीतच्या मोबाइलवरची ती वाक्यं, त्यानं तानाजीला मंजुरीबद्दल ऐकवलेलं वाक्य. विश्वजीत पूर्ण वेळ आपल्या फोनवर अंगठा फिरवत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. कंटाळा होता. त्या कंटाळ्याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

निकाल बुद्धभूषणच्या बाजूनं लागला. खोट्या जाहिरातीवर विकलेली गाडी कंपनीनं परत घ्यावी, असा आदेश झाला. व्हिडिओ काढून टाकला गेला. पायलच्या स्वतःच्या गाडीचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. बुद्धभूषणच्या वकिलानं तिला बाहेर आल्यावर सांगितलं, "मॅडम, तुम्ही दावा केलात तर पहिल्या दिवशी हाच व्हिडिओ लावतील. तुमच्याच तोंडचं आहे." तिला ते आधीच कळलं होतं.

बुद्धभूषण पायऱ्यांवर थांबला होता. "स्टँडवर सोडतो," म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं, गाडी आता कंपनीकडं जायची. मित्राच्या मोटारसायकलवरून त्यानं तिला सोडलं. उतरताना तिनं माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "राहू द्या डॉक्टर. एसटी लागलीय तुमची."

दिवाळीनंतर तिनं गाडी विकायला काढली. तासगावचा एक द्राक्षबागायतदार बघायला आला. तिनं त्याला गाडीभोवती फिरवून दाखवली आणि मग बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. अ‍ॅप अचानक कसं बंद होतं, गन कशी अडकते, कंपनी काय उत्तर देते, व्हिडिओ, म्हैस, सातारा. काही लपवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तो नम्रपणे ऐकत होता. संपल्यावर त्यानं खिशातून आपला फोन काढला. मोठा, काचेचा, चकचकीत. अ‍ॅप उघडलं. ते त्यानं आदल्या दिवशीच तिच्याकडून ओटीपी घेऊन जोडून ठेवलं होतं. गाडीचे दिवे लुकलुकले, दार उघडलं.

"आमच्या फोनवर चालतंय की मॅडम," तो खुशीत म्हणाला. "असलं काय काय फोन वापरतंय कोन?"

"आज चालतंय," पायल म्हणाली.

"व्हय, मग झालं की." त्यानं दार एकदा बंद करून पुन्हा उघडलं. त्याला मजा वाटत होती. त्यानं आणखी काही विचारलं नाही.

तिनं गाडीच्या किल्लीचं कार्ड त्याच्या हातात दिलं, डिकीतून पेटी आणि गमबूट काढून घेतले आणि फाटक उघडून धरलं. गाडी आवाज न करता कोपऱ्यावरून वळून गेली. पायल आत आली, गमबूट नळाखाली धरले आणि ब्रश घेऊन त्यांचे तळवे घासायला लागली. खिशातला फोन वाजला. पलीकडून कुणीतरी गाय अडलीय म्हणून सांगत होतं. "येते," ती म्हणाली, "गाडी विकली, स्कूटरनं येतेय, थोडा वेळ लागेल," आणि ओल्या अंगठ्यानं तिनं फोन बंद केला.